सदऱ्याची किंमत आणि कापसाचा धनी

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील कापडाच्या दुकानांतून एक नवी भाषा ऐकूं येऊं लागली आहे. वस्त्राच्या चिठ्ठीवर आतां किंमतीबरोबर असेंहि छापलेलें असतें कीं, हें कापड जमिनीस व पाण्यास अपाय न करतां आणि मजुरास न नाडतां तयार केलेलें आहे. युरोप-अमेरिकेंत अशा वस्त्रांस शाश्वत पोशाख म्हणूं लागले आहेत, व आपल्याकडील सुशिक्षित तरुणहि त्यांची मागणी करूं लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या कापसावांचून सुताचा एक धागा निघत नाहीं, त्या शेतकऱ्याचा उल्लेख त्या चिठ्ठीवर क्वचितच आढळतो. तेव्हां या चळवळीशीं आपला संबंध काय, तींत आपला लाभ किती व आपलें कर्तव्य कोणतें, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं शांतपणें करावा, या हेतूनें प्रस्तुत लेख लिहिला आहे.

प्रथम घरचा हिशेब पाहूं. एक क्विंटल कापूस जिनांत नेला म्हणजे सुमारें ३४ किलो रुई निघते; बाकीची सरकी. सुतकताई, विणकाम व बेतणी यांतील घट वजा जातां त्या रुईचे, प्रत्येकीं अडीचशें ग्रॅम वजनाचे धरल्यास, अदमासें शंभर सदरे होतात. म्हणजे एका सदऱ्यामागें एक किलो कापूस झाला. सन २०२४-२५ च्या हंगामांत लांब धाग्याच्या कापसास सरकारनें ठरविलेला हमीभाव क्विंटलास ७,५२१ रुपये होता. त्या मानानें एका सदऱ्यांतील कापसाचे शेतकऱ्यास पंचाहत्तर रुपये आले. त्यांतूनच बियाणें, खत, फवारणी, निंदणी व वेचणी भागवावयाची. तोच सदरा नांवाजलेल्या दुकानांत हजार-दीड हजार रुपयांस विकला जातो. क्विंटलामागें हजार रुपये अधिक मिळाले तर शेतकऱ्याचें घर सांवरतें. गिऱ्हाइकास मात्र सदऱ्यामागें दहाच रुपये अधिक पडतात! मग हे दहा रुपये शेतापर्यंत कां पोंचत नाहींत? या प्रश्नाचें उत्तर आजच्या बाजारांत जितकें आहे, तितकेंच दोनशें वर्षांच्या इतिहासांत आहे.

परक्या गिरणीनें ठरविलेलें पीक

आपला देश कापसाचें माहेरघर आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननांत कापसाच्या कापडाचा अंश मिळाला आहे. सतराव्या शतकांत हिंदुस्थानचें छापील व रंगीत कापड इंग्लंडांत इतकें खपूं लागलें कीं, तेथील विणकरांनीं ओरड केली, व इ. स. १७०० आणि १७२१ सालीं कायदे करून त्या देशानें असल्या कापडाची आयात व वापर यांवर बंदी घातली. ज्या देशानें पुढें खुल्या व्यापाराचा उपदेश सर्व जगास केला, त्याचा कापडधंदा प्रथम बंदीच्या आडोशास वाढला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पुढें वाफेच्या गिरण्या आल्या व लंकाशायरास कापसाची भूक लागली. ती भागविली अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनीं. तेथें १७९३ सालीं व्हिटनीनें सरकी काढण्याचें यंत्र केल्यावर कापसाचा पेरा झपाट्यानें पसरला, आणि तो पसरला आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या श्रमावर. गिरण्यांचीं यंत्रें या अमेरिकन कापसाच्या लांब व चिवट धाग्याच्या मापानें घडविलीं गेलीं. एकदां यंत्र तसें झालें म्हणजे जो कापूस त्यांत बसेल तो उत्तम व जो बसणार नाहीं तो हलका, असा न्याय सुरू होतो. आपल्या देशी कपाशीवर 'आंखूड धाग्याची' हा जो शिक्का बसला तो असा. जमिनीनें तिला हलकी म्हटलें नव्हतें. परक्या गिरणीनें म्हटलें.

याचा पुरावा पाहिजे असल्यास ढाक्याच्या मलमलीचा आहे. मेघना नदीच्या काठीं होणाऱ्या 'फुटी कार्पास' नांवाच्या ज्या देशी कपाशीपासून ती मलमल होत असे, तिचा धागा आंखूडच होता. कुशल बोटांनीं त्याच आंखूड धाग्यापासून जगांतील अत्यंत तलम सूत काढलें. यावरून धाग्याची लांबी हा गुणाचा एकमेव गज नव्हे, हें उघड होतें.

वऱ्हाडची कथा

अमेरिकेवरील भिस्त कमी करावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें १८४० सालीं दहा अमेरिकन लागवडदार हिंदुस्थानांत आणविले. धारवाडाकडे अमेरिकन कपाशी कांहीं अंशीं रुजली. अन्यत्र बहुतेक प्रयोग फसले. १८५३ सालीं निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत आला. त्याच वर्षीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५७ सालीं मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीं कापसाच्या पुरवठ्यासाठीं स्वतंत्र मंडळ काढलें; १८६७ सालीं लोहमार्ग वऱ्हाडांतून नागपुरास पोंचला, आणि १८७० सालीं खामगांवच्या कापूसपेठेस जोडणारा फांटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें उघडण्यांत आला. एका तालुक्याच्या पेठेसाठीं व्हाइसरॉय साहेबांनीं इतका प्रवास कां केला असेल, हें सांगावयास नको.

मध्यंतरीं, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध होऊन तेथील कापूस अडला. आपल्या कापसाचा भाव एकाएकीं चढला. शेतकऱ्याच्या हातीं पैसा खेळूं लागला, सावकार मागेल तितकें कर्ज देऊं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळला, मुंबईंतील पेढ्या बुडाल्या. पण शेतकऱ्याचें कर्ज बुडालें नाहीं. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत उतरलेल्या भावाच्या व वाढलेल्या धाऱ्याच्या कात्रींत सांपडलेल्या कुणब्यानें १८७५ सालीं सुपें येथून आरंभ करून सावकारांचे रोखे जाळले. त्यांतून १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा निघाला. परदेशांत तोफा थांबाव्या आणि सुप्याच्या बाजारांत रोखे जळावे, असा हा संबंध आहे. वऱ्हाडांत तर ज्वारीची जमीन कापसाखालीं गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्याच संपन्न म्हणविणाऱ्या प्रांतांत माणसें अन्नावांचून मेलीं.

आणखी एक गोष्ट जुन्या शेतकऱ्यांच्या घरांत अजून सांगतात. हिंगणघाटची 'बनी' कपाशी मऊ व देशी जातींत लांब धाग्याची म्हणून प्रसिद्ध होती. परंतु व्यापारी सर्व माल एकत्र करून सरसकट एकच भाव देऊं लागला, तेव्हां ज्या जाड्याभरड्या 'जरी' कपाशींत रुईचा उतारा अधिक, तीच पेरण्यांत शेतकऱ्याचा फायदा ठरला. बनी मागें पडली. गुणास मोल न देणारा बाजार बियाण्याचा नाश करितो, हा धडा त्यांत आहे. 'आमच्या शेतकऱ्यानेंच बियाणें बिघडविलें' असा ठपका त्या काळीं ठेवण्यांत येई. परंतु बिघाड शेतांत नव्हता, तो तराजूच्या पलीकडे होता.

जकात, गिरणी आणि माग

कापडावरील जकातीची हकीकत तितकीच बोधक आहे. १८८२ सालीं विलायती कापडावरील जकात उठविण्यांत आली. सरकारच्या तिजोरीस गरज लागल्यामुळें १८९४ सालीं ती पुन्हां बसवावी लागली. तेव्हां लंकाशायरनें तक्रार केली, आणि १८९६ सालीं विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात ठेवून हिंदी गिरण्यांच्या कापडावरहि तेवढाच कर लादण्यांत आला. हा कर १९२६ सालीं रद्द झाला. १९३३ सालीं जपानी कापडावरील वाढत्या जकातीस उत्तर म्हणून जपाननें हिंदी कापसावर बहिष्कार घातला, व पुढल्या वर्षीं तह होऊन जपाननें किती कापूस घ्यावा त्यावर त्याचें किती कापड येथें यावें, हें ठरलें. या सर्व वाटाघाटींत शेतकऱ्याचा माल होता, शेतकरी नव्हता.

यांत सर्वांत अधिक भरडले गेले ते सूत काढणारे व विणणारे. घरोघरच्या बायकांचे चरखे थांबले. नागपूर-वऱ्हाडांत कोष्टी तलम माल विणीत व महार समाजांतील अनेक कुटुंबें गांवकीसाठीं जाडेंभरडें पण दणकट कापड विणीत. प्रथम विलायती व मग देशी गिरण्यांच्या कापडानें तो धंदा बसला. कोष्ट्यांनीं गिरणीच्या सुतावर कसेंबसें तग धरिलें. महार विणकरांपैकीं पुष्कळांस मात्र मजुरीची वाट धरावी लागली. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, त्यांच्या हातचें कसबहि गेलें. पोशाखाच्या इतिहासांतील हा अन्याय परक्या राज्यानें केला खरा, पण त्याचा भार गांवांतील जातिभेदानें आधींच वांकलेल्या खांद्यांवर पडला, हेंहि विसरतां कामा नये.

स्वराज्यांतहि माप तेंच

१९४७ सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां आपल्याकडील कपाशीचें क्षेत्र जवळजवळ सर्व देशी जातींचेंच होतें. गिरण्यांस लांब धाग्याची गरज होती, व फाळणीमुळें लांब धाग्याचे मोठे मुलूख पाकिस्तानांत गेले. म्हणून अमेरिकन जातींचा प्रसार करण्यांत आला. १९७० सालीं सुरतेच्या संशोधन केंद्रांतून 'एच-४' हा पहिला संकरित वाण निघाला. २००२ सालीं बीटी कपाशीस परवानगी मिळाली. आरंभीं बोंडअळीचा उपद्रव घटला, उत्पन्न वाढलें, हें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे. परंतु संकरित असल्यामुळें बियाणें दरसाल विकत घ्यावें लागूं लागलें. मावा-तुडतुड्यांसाठीं फवारण्या वाढल्या. आणि २०१७ च्या हंगामांत शेंदरी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्यांतील पीक पोखरून काढलें. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. राज्य आपलें झालें, शास्त्रज्ञ आपले झाले, तरी कापूस मोजण्याचें माप मात्र अजून जुन्या गिरणीचेंच राहिलें आहे.

साखळीच्या दुसऱ्या टोकाचीहि स्थिती पाहावी. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगला देशांत ढाक्याजवळील सावर येथें 'राणा प्लाझा' ही इमारत कोसळून अकराशेंहून अधिक लोक मेले. त्यांतील बहुतेक युरोप-अमेरिकेच्या बाजारासाठीं कपडे शिवणाऱ्या मुली व बायका होत्या. आदल्या दिवशीं भिंतींस तडे गेलेले दिसले असतांहि त्यांस कामावर बोलाविण्यांत आलें होतें. ज्या प्रदेशाची मलमल जग नेसत होतें, त्याच प्रदेशांतील लेंकी जगाचे स्वस्त सदरे शिवतांना गाडल्या गेल्या. या घटनेनंतर पाश्चात्य गिऱ्हाइकांचे डोळे पुष्कळ अंशीं उघडले, व आरंभीं सांगितलेल्या चळवळीस जोर आला.

तथापि चिठ्ठीवर छापलेलें सर्वच खरें असतें, असें समजूं नये. २०२० सालीं भारतांतील सेंद्रिय कापसासंबंधीं बनावट दाखले मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले. शिवाय आज जगांत होणाऱ्या एकंदर धाग्यांपैकीं निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर आहे. तें खनिज तेलापासून होतें व मातींत कुजत नाहीं. कापसाचा वांटा चौथाईहूनहि कमी उरला आहे. अशा स्थितींत खरोखर टिकाऊ वस्त्र पाहिजे असेल, तर गिऱ्हाइकास कापसाच्या शेताकडे वळावेंच लागेल. ही संधि आहे. पण ती ओळखण्यास आपण तयार असलों पाहिजे.

देशी कपाशीचे गुण व दोष

देशी कपाशीचें मूळ खोल जातें, म्हणून पावसानें ओढ दिली तरी ती तग धरिते. रस शोषणाऱ्या किडी तिला कमी जाचतात; पानें मुरडणारा विषाणुजन्य रोग तिला होत नाहीं. सरळ वाण असल्यानें बियाणें घरीं राखतां येतें. महाराष्ट्रांतील बहुतेक कपाशी कोरडवाहू असल्यामुळें हे गुण आपणांस विशेष मोलाचे आहेत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाचे 'एकेए ७' व 'एकेए ८', तसेच परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचे 'पीए २५५' व 'पीए ८१२' हे देशी वाण या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. परभणीच्या वाणांनीं तर देशी कपाशीचा धागा आंखूडच असतो, हा समज बराचसा खोडून काढला आहे.

दोषहि सांगितले पाहिजेत. बोंडें लहान असतात. फुटल्यावर कापूस लवकर गळतो, म्हणून वेळेवर व पुनःपुन्हां वेचावा लागतो. वेचणीस मजूर अधिक लागतात. जिनांत अमेरिकन कापसांत मिसळला गेला तर भाव मिळत नाहीं. केवळ देशप्रेमाच्या भरांत सर्व शेत एकदम देशी कपाशीखालीं आणावें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. गिऱ्हाईक ठरल्यावांचून पेरा वाढविणें म्हणजे १८६५ ची चूक पुन्हां करणें होय.

न्याय मागणाऱ्यानें न्याय द्यावा

१८८८ सालीं पुण्यास राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. शेले-पागोटीं व जडजवाहीर यांनीं दिवाणखाना झगमगत असतां महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या वेषांत तेथें गेले, व या श्रीमंती पोशाखावरून देशाची परीक्षा करूं नये, खरी प्रजा खेड्यांत आहे, असें त्यांनीं पाहुण्यांस बजाविलें. पोशाख हा न्यायाचा प्रश्न आहे, हें त्यांनीं भाषणाआधीं वेषानेंच सांगितलें. पुढें १९३५ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें, खादी महाग झाली तरी चालेल पण सूत काढणाऱ्या बाईस पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असें धोरण स्वीकारलें. आज परदेशांत ज्यास नवा विचार म्हणतात, तो असा आपल्याच भूमींत उगवलेला आहे.

परंतु जोतीरावांचा आसूड दोन्हीकडे चालतो. आपण जमीनवाले शेतकरी व्यापाऱ्यानें काटा मारला कीं संतापतों. मग आपल्या शेतांत पहांटेपासून ओट्यांत कापूस वेचणाऱ्या बाईच्या वजनाचा काटा आपण कसा धरितों? फवारणी करणाऱ्या गड्यास हातमोजे व तोंडावर फडकें देतों काय? त्यास दवाखान्यांत न्यावें लागलें तर खर्च कोण सोसतो? दूरचें गिऱ्हाईक आपल्या कापसास न्याय्य भाव देईल, अशी अपेक्षा करावयाची असेल, तर त्या कापसाच्या पहिल्या वेचणीपासून न्याय असला पाहिजे. एरवीं आपली तक्रार म्हणजे मोठ्या सावकाराविरुद्ध लहान सावकारानें केलेली तक्रार ठरेल.

काय करतां येईल

पहिली गोष्ट, ज्यांची जमीन हलकी व कोरडवाहू आहे, त्यांनीं प्रथम एक-दोन एकरांतच देशी वाण लावून दोन हंगाम खर्च व उत्पन्न यांची वही ठेवावी. वही बोलते तेव्हां दलाल गप्प बसतो. दुसरी गोष्ट, एका गांवांतील पांच-दहा शेतकऱ्यांनीं एकच वाण लावावा, म्हणजे जिनवाल्यास तो वेगळा काढणें परवडेल आणि बियाण्यांत भेसळ होणार नाहीं. तिसरी गोष्ट, हातमागाच्या संस्था व शहरांतील वस्त्रव्यवसायी यांच्याशीं पेरणीपूर्वीं लेखी ठराव करावा. भाव, वजन, हप्ता व माल नाकारण्याचीं कारणें त्यांत स्पष्ट असावीं. गुजराथेंत कच्छमध्यें 'काळा कापूस' या नांवाची कोरडवाहू देशी कपाशी अशाच रीतीनें विणकरांशीं जोडली गेली आहे, व तिच्या कापडास गिऱ्हाईक मिळालें आहे. चौथी गोष्ट, कवडी व पालापाचोळा न मिसळतां स्वच्छ वेचणी करावी आणि त्या स्वच्छतेचा वाढावा वेचणाऱ्या बायांस वांटून द्यावा. पांचवी गोष्ट, दाखला देणारा कोणीहि आला तरी कोऱ्या कागदावर सही करूं नये; आपल्या नांवें किती माल दाखविला जातो, हें विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

हें सर्व एका वर्षांत होणार नाहीं, व एकट्याच्या हातून तर मुळींच नाहीं. बनी कपाशी गेली ती एका दिवसांत गेली नाहीं. दरसाल थोडा थोडा पेरा घटत ती नाहींशी झाली. चांगली गोष्ट परत आणावयाची तीहि तशीच, थोड्या थोड्या तासांनीं. जगाचा पोशाख कसा असावा, हें आजवर गिरणीनें, जकातीनें आणि दुकानानें ठरविलें. यापुढें त्या ठरावांत कापूस पिकविणाऱ्याचा व कापूस वेचणारणीचा एक एक शब्द असावा, एवढीच आमची मागणी आहे. पुढील हंगामाचें बियाणें घेण्यापूर्वीं हा विषय आपापल्या गांवच्या पारावर एकदां निघावा, अशी वाचकांस आमची विनंती आहे.